आकाशगंगेभोवतीचा धावता वायू आला कुठून?

आकाशगंगेची ताऱ्यांनी भरलेली तबकडी सोडून तिच्या वर किंवा खाली गेल्यावर जो विस्तीर्ण प्रदेश लागतो, तो रिकामा नाही. तिथे हायड्रोजन आणि हेलियमचे मेघ आहेत, त्यांत थोडीबहुत जड मूलद्रव्ये मिसळलेली आहेत, आणि या मेघांची गती तबकडीच्या परिवलनाशी जुळत नाही. सूर्याच्या परिसरातील ताऱ्यांच्या सरासरी गतीच्या तुलनेत ज्यांचा वेग सेकंदाला सुमारे ९० किलोमीटरहून अधिक भरतो आणि आकाशगंगेच्या फिरण्याने ज्याचा उलगडा होत नाही, त्यांना अतिवेगवान मेघ म्हणतात. काही आपल्या दिशेने येत आहेत, काही दूर जात आहेत. हा वायू आला कुठून, हा प्रश्न साठ वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे. मला इथे त्यातल्या आयनीभूत भागाविषयी, म्हणजे ज्याच्या अणूंनी इलेक्ट्रॉन गमावले आहेत अशा वायूविषयी लिहायचे आहे. कारण वस्तुमानाचा मोठा वाटा तिथे आहे आणि सर्वसाधारण वाचकांसाठीच्या लेखनात नेमका तोच भाग एखाद्या वाक्यात उरकला जातो.

सुरुवात १९५० च्या दशकात झाली. तबकडीपासून बऱ्याच उंचीवर असलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटांत ग्विडो मुंच यांना कॅल्शियम आणि सोडियमच्या अशा रेषा आढळल्या, की ज्या त्या ताऱ्यांच्या नव्हत्या. वाटेत कुठेतरी वायूचे मेघ होते. पोकळीत असा मेघ फार काळ टिकणार नाही, पसरून विरून जाईल. तेव्हा त्याला चहूबाजूंनी दाबून ठेवणारे काहीतरी हवे, असे म्हणून लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये आकाशगंगेभोवती सुमारे दहा लाख अंश तापमानाचा अतिविरळ वायू असला पाहिजे, असे भाकीत केले. याला किरीट म्हणू. पुढे १९६३ मध्ये नेदरलँड्समधील ड्विंगेलो येथील २५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीतून म्युलर, ऊर्ट आणि रेमाँड यांनी उदासीन हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर पहिले अतिवेगवान मेघ नोंदवले. यान ऊर्ट यांनी त्यांच्या उगमाच्या शक्यता पुढच्या काही वर्षांत मांडल्या: जवळच्या अतिनवताऱ्यांच्या स्फोटांतून उडालेली कवचे, किरीटातून थिजून खाली येणारा वायू, केंद्रातून फेकला गेलेला वायू, उपदीर्घिकांतून ओढला गेलेला वायू, आणि आंतरदीर्घिकीय अवकाशातून प्रथमच आत येणारा वायू. त्यांचा स्वतःचा कल शेवटच्या शक्यतेकडे होता. आज मागे वळून पाहताना जाणवते, की त्या यादीतील बहुतेक शक्यता कोणत्या ना कोणत्या मेघाच्या बाबतीत खऱ्या ठरल्या आहेत. जवळच्या स्फोटांची कवचे तेवढी मागे पडली.

आयनीभूत वायू इतका काळ दुर्लक्षित का राहिला, याचे कारण साधे आहे. २१ सेंटिमीटरची लहर निघते ती हायड्रोजनच्या अखंड अणूतून, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या फिरकीची परस्परदिशा बदलते तेव्हा. इलेक्ट्रॉनच निघून गेला, तर ही लहर निघण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे रेडिओ दुर्बिणीने काढलेला नकाशा हा फक्त उदासीन हायड्रोजनचा नकाशा असतो; एखाद्या मेघाचा तीनचतुर्थांश भाग आयनीभूत असला तर तो त्या नकाशात उमटत नाही. आयनीभूत हायड्रोजनला पुन्हा इलेक्ट्रॉन मिळतो तेव्हा एक मंद तांबडा प्रकाश बाहेर पडतो, आणि तो मोजण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रॉन रेनॉल्ड्स यांनी खास उपकरण उभारले. ते आधी ॲरिझोनात किट पीकवर होते, नंतर चिलीत नेले गेले. १९९८ मध्ये या उपकरणाने अनेक अतिवेगवान मेघांतून तो तांबडा प्रकाश येत असल्याचे दाखवले. तरीही हा प्रकाश इतका क्षीण असतो, की बारीकसारीक तपशिलासाठी दुसरी वाट धरावी लागते.

ती वाट अतिनील वर्णपटाची. दूरवर एखादा क्वेसार किंवा सक्रिय दीर्घिकाकेंद्र असते, म्हणजे प्रचंड कृष्णविवराभोवती झळाळणारे दूरच्या दीर्घिकेचे केंद्र. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना आकाशगंगेभोवतीच्या वायूतून पार होतो, आणि त्या वायूतील प्रत्येक जातीचा आयन आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीला थोडा प्रकाश खाऊन टाकतो. कार्बन, सिलिकॉन, ऑक्सिजन, गंधक यांच्या आयनांच्या बहुतेक महत्त्वाच्या रेषा दूर-अतिनील भागात पडतात आणि पृथ्वीचे वातावरण तो भाग पूर्णपणे अडवते. म्हणून हे काम अवकाशातूनच करावे लागते. १९९९ ते २००७ या काळात फ्यूज नावाच्या उपग्रहाने आणि मे २००९ मध्ये हबल दुर्बिणीवर बसवलेल्या कॉस या वर्णपटमापकाने ते केले.

असा एखादा वर्णपट प्रत्यक्ष कसा दिसतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. हबलच्या सार्वजनिक संग्रहातून कोणालाही तो उतरवून घेता येतो. फेअरॉल ९ या सक्रिय दीर्घिकेचा वर्णपट उघडा आणि १२५० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आसपास या. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या गंधकाची रेषा प्रयोगशाळेत १२५०.५८ अँगस्ट्रॉमला असते, आणि वर्णपटात तिथे खरोखरच एक खोल खाच दिसते. ती आपल्या शेजारच्या, तबकडीतल्या गंधकाची असते. तिच्या उजव्या हाताला, जेमतेम पाऊण अँगस्ट्रॉमवर, दुसरी उथळ खाच आहे. पाऊण अँगस्ट्रॉम म्हणजे डॉप्लर परिणामाच्या, गतीमुळे तरंगलांबी सरकण्याच्या, हिशेबाने सेकंदाला जवळपास १८० किलोमीटर. दोन्ही खाचा एकाच मूलद्रव्याच्या, पण दुसरी ज्या वायूची आहे तो वायू आपल्यापासून त्या वेगाने दूर जात आहे. आकडा एकच असला तरी त्यामागे दोन मर्यादा लपलेल्या असतात. हा वेग फक्त दृष्टिरेषेच्या दिशेतला असतो, आडवा वेग यातून कळत नाही. आणि खाच पाहून वायू किती वेगाने जात आहे हे कळते, तो किती दूर आहे हे मात्र अजिबात कळत नाही.

फ्यूजच्या निरीक्षणांतून २००३ मध्ये केनेथ सेम्बाख आणि सहकाऱ्यांनी १०० हून अधिक दिशांचा आढावा घेऊन असे दाखवले, की पाच इलेक्ट्रॉन गमावलेला अतिवेगवान ऑक्सिजन आकाशाच्या सुमारे ६० टक्के भागात सापडतो. पुढे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिलिकॉनची १२०६ अँगस्ट्रॉमची रेषा वापरल्यावर, जी फार संवेदनशील आहे, हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात गेले. रेडिओ नकाशांत दिसणारे मेघ यापेक्षा कितीतरी कमी आकाश व्यापतात. रेडिओत दिसणारा प्रत्येक मेघ म्हणजे एका मोठ्या, बहुतांशी आयनीभूत रचनेचा दाट गाभा आहे, असे चित्र इथून पुढे रुजले.

पण अंतर ठरल्याखेरीज वस्तुमान ठरत नाही, आणि वस्तुमान ठरल्याखेरीज उगमाची चर्चा हवेतच राहते. अंतर काढण्याची रीत चिकाटीची आहे. मेघाच्या दिशेने असलेले, वेगवेगळ्या आणि माहीत असलेल्या अंतरांवरचे तारे निवडायचे. ज्या ताऱ्याच्या वर्णपटात मेघाची रेषा दिसत नाही तो मेघाच्या अलीकडे, ज्याच्या वर्णपटात दिसते तो पलीकडे. या दोघांच्या मध्ये मेघ सापडतो. १९९९ मध्ये याच रीतीने ‘ए’ नावाच्या मेघसमूहाचे अंतर बांधले गेले. २०११ मध्ये नोत्र दाम विद्यापीठातील निकोला लेनर आणि ख्रिस्तोफर हॉक यांनी हीच युक्ती आयनीभूत मेघांसाठी वापरली. त्यांनी क्वेसारांऐवजी आकाशगंगेच्याच परिघातील, म्हणजे तबकडीभोवतीच्या विस्तीर्ण प्रदेशातील, तारे निवडले आणि त्यांपैकी साधारण निम्म्या ताऱ्यांच्या वर्णपटांत अतिवेगवान आयनीभूत वायू दिसला. क्वेसारांच्या दिशेला हे प्रमाण थोडेच अधिक असते. याचा अर्थ असा, की या वायूचा बराचसा भाग ताऱ्यांच्या अलीकडे, तबकडीपासून काही दशसहस्र प्रकाशवर्षांच्या आत आहे. तो आंतरदीर्घिकीय अवकाशात कुठेतरी तरंगत नाही. मात्र सर्वांत वेगवान, सेकंदाला १७० किलोमीटरच्या वरचा वायू ताऱ्यांच्या दिशेने जवळपास सापडलाच नाही. तो आणखी दूरचा आहे, आणि त्याचा मोठा भाग पुढे ज्याविषयी लिहिणार आहे त्या मॅजेलन प्रवाहाशी निगडित आहे.

लेनर आणि हॉक यांच्या हिशेबाने हा आयनीभूत वायू वर्षाला सुमारे एका सूर्याइतके वस्तुमान तबकडीत आणू शकतो. हा आकडा महत्त्वाचा का, ते पाहण्यासाठी आकाशगंगेचा खर्च पाहायला हवा. इथे वर्षाला साधारण दीड ते दोन सूर्यांइतके नवे तारे घडतात. तबकडीतला सध्याचा वायू या दराने काही अब्ज वर्षांतच संपेल, आणि तबकडी तर त्याहून कितीतरी जुनी आहे. शिवाय सूर्याच्या परिसरात जड मूलद्रव्ये फारच कमी असलेले दीर्घायुषी तारे अपेक्षेपेक्षा थोडे आहेत, आणि ही गोष्ट बाहेरून कमी समृद्ध वायू सतत येत राहिला असे मानल्यास सहज समजते. तेव्हा बाहेरून पुरवठा होतो आहे, यावर फारसा वाद नाही. उदासीन मेघांचा पुरवठा मात्र वर्षाला सूर्याच्या दशांशाच्या आसपासच भरतो आणि तो पुरत नाही. तूट भरून काढायला आयनीभूत वायूच पुढे येतो.

आता उगम. वेगावरून तो ठरत नाही, कारण खाली पडणारा कोणताही वायू वेग घेतो. स्थानावरूनही ठरत नाही. सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार म्हणजे त्या वायूतील जड मूलद्रव्यांचे प्रमाण. तबकडीतल्या वायूत पिढ्यान्‌पिढ्यांच्या ताऱ्यांची राख मिसळलेली असते, म्हणून तिथून वर गेलेल्या वायूत हे प्रमाण सूर्याइतके किंवा त्याच्या जवळपास असले पाहिजे. उपदीर्घिकेतून आलेल्यात त्या दीर्घिकेइतके. आणि प्रथमच आत येणाऱ्या वायूत अगदी कमी. मोजमापात दोन खाचखळगे आहेत. लोह आणि सिलिकॉन धुळीच्या कणांत गोठून बसतात आणि वर्णपटातून गायब होतात, त्यामुळे धुळीला न चिकटणाऱ्या गंधकावर अधिक भिस्त ठेवली जाते. दुसरा प्रश्न आयनीभवनाचा: गंधकाचा एक आयन मोजला, पण बाकीचे गंधक इतर अवस्थांत असेल तर काय? या बाबतीत उदासीन ऑक्सिजन फार उपयोगी पडतो. ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा हायड्रोजनच्या ऊर्जेइतकीच, १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, आणि हे दोन अणू आपसांत इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करत राहतात, त्यामुळे दोघांचे आयनीभवन हातात हात घालून चालते. आयनीभवन म्हटले की आपल्याला, तापमान आणि दाबावरून किती अणू आयनीभूत असतील हे सांगणारे, मेघनाद साहांचे १९२० चे समीकरण आठवते. ताऱ्यांच्या वातावरणात ते चालते, पण इथला वायू इतका विरळ आणि समतोलापासून इतका दूर आहे, की त्या समीकरणाचा थेट आधार इथे घेता येत नाही, प्रत्येक मेघासाठी प्रारणाचा स्रोत गृहीत धरून गणित मांडावे लागते.

या कसोटीवर घासून पाहिलेला पहिला मोठा मेघ म्हणजे ‘सी’ नावाचा मेघसमूह. उत्तर आकाशात कालेय आणि सप्तर्षी यांच्या बाजूला तो लांबवर पसरलेला आहे. १९९९ मध्ये बार्ट वॅकर आणि सहकाऱ्यांनी मार्केरियन २९० या सक्रिय दीर्घिकेच्या दिशेने त्यातले गंधक मोजले, तेव्हा प्रमाण सूर्याच्या दशांशाहून थोडे कमी निघाले. तबकडीतून उडालेला वायू इतका गरीब असू शकत नाही. बाहेरून नवा वायू येतो आहे याचा तो पहिला पक्का पुरावा मानला गेला. नंतर इतर दिशांनी घेतलेल्या मोजमापांत हे प्रमाण दशांशापासून जवळपास तीन दशांशापर्यंत बदलते असे आढळले. हा फरक मला मूळ आकड्याइतकाच बोलका वाटतो, आणि त्याकडे मी पुढे येतो.

स्मिथ मेघाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. लायडनला शिकणाऱ्या गेल स्मिथ यांनी १९६३ मध्ये ड्विंगेलोच्याच निरीक्षणांत तो शोधला. गरुड तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ४०,००० प्रकाशवर्षांवर, धूमकेतूसारख्या आकाराचा हा मेघ तबकडीकडे येत आहे. २००८ मध्ये फेलिक्स लॉकमन आणि सहकाऱ्यांनी ग्रीन बँक दुर्बिणीने त्याचा नकाशा काढला: लांबी सुमारे ११,००० प्रकाशवर्षे, उदासीन हायड्रोजन दहा लाख सूर्यांहून अधिक, एकूण वेग सेकंदाला जवळपास ३०० किलोमीटर, आणि सुमारे तीन कोटी वर्षांत तबकडीशी टक्कर. पुढच्याच वर्षी त्याच्या तांबड्या प्रकाशावरून असे दिसले, की त्यात आयनीभूत वायूही साधारण तितकाच आहे. इतका शिस्तबद्ध, इतका एकसंध मेघ बाहेरूनच आला असणार, अशी अनेकांची समजूत होती; कृष्णद्रव्याच्या आवरणात गुंडाळलेली ती एक न घडलेली दीर्घिका असावी, असेही सुचवले गेले. मग २०१६ मध्ये अँड्र्यू फॉक्स यांच्या गटाने हबलने त्यातले गंधक मोजले आणि ते सूर्याच्या निम्म्याइतके निघाले. हे प्रमाण आकाशगंगेच्या तबकडीच्या बाहेरच्या कडेशी जुळते. म्हणजे हा वायू बहुधा इथलाच, कधीतरी बाहेर फेकला गेलेला आणि आता परतणारा. पण दहा लाख सूर्यांइतका वायू एका झटक्यात कोणी आणि कसा फेकला, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. कृष्णद्रव्याची कल्पना मला कधीच पटली नव्हती, हे इथे सांगून टाकतो. रासायनिक पुरावा हाताशी येईपर्यंत ती आकर्षक होती एवढेच.

सर्वांत मोठे प्रकरण मॅजेलन प्रवाहाचे. मॅजेलनचे दोन मेघ, मोठा सुमारे १,६०,००० आणि लहान सुमारे २,००,००० प्रकाशवर्षांवर, या आपल्या उपदीर्घिका आहेत. महाराष्ट्रातून मोठा मेघ जेमतेम क्षितिजाला टेकतो आणि धुरळ्यात हरवतो, लहान मेघ तर बहुतेक महाराष्ट्रातून क्षितिजावर येतच नाही. म्हणून मराठी खगोलप्रेमींना ते प्रत्यक्ष पाहायला दक्षिणेकडे जावे लागते. या दोघांच्या मागे वायूचा एक प्रवाह लांबवर गेला आहे आणि पुढे एक अग्रबाहू आहे; दोन्ही मिळून आकाशात सुमारे २०० अंश व्यापतात. १९७४ मध्ये मॅथ्यूसन, क्लिअरी आणि मरे यांनी या प्रवाहाचा मॅजेलन मेघांशी संबंध दाखवला. २०१४ मध्ये फॉक्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या हिशेबानुसार यातला एकूण वायू सुमारे दोन अब्ज सूर्यांइतका आहे, आणि त्यातला आयनीभूत भाग उदासीन भागाच्या साधारण तिप्पट आहे. रेडिओ नकाशात जो दिसतो तो चतुर्थांश.

त्याचा उगम दोन मेघांपैकी कोणत्यात, हा वाद बराच काळ चालला. २०१३ मध्ये त्याचे उत्तर वर्णपटांनी दिले आणि ते अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे निघाले. प्रवाहाच्या बहुतेक लांबीवर जड मूलद्रव्ये सूर्याच्या दशांशाइतकी आहेत, म्हणजे लहान मेघात दोनेक अब्ज वर्षांपूर्वी असतील तेवढी. पण ज्या फेअरॉल ९ च्या वर्णपटाचा उल्लेख वर केला, त्या दिशेला गंधक सूर्याच्या निम्म्याइतके आहे. हे मोठ्या मेघाशी जुळते. २००८ मध्येच डेव्हिड नायडेव्हर यांनी गतीच्या अभ्यासावरून प्रवाहात दोन धागे असल्याचे आणि त्यातला एक मोठ्या मेघापर्यंत माग काढता येत असल्याचे दाखवले होते. आता रसायनानेही तेच सांगितले. दोन दीर्घिकांनी एकमेकींना ओढताना सांडलेला वायू एकाच प्रवाहात शेजारी शेजारी वाहतो आहे.

तरीही एवढा आयनीभूत वायू कुठून आला, हे कोडे उरत होते. नित्या कल्लिवयलिल यांनी २००६ मध्ये हबलच्या साहाय्याने मोजलेली मॅजेलन मेघांची आडवी गती अपेक्षेपेक्षा जास्त निघाली होती, आणि त्यावरून हे मेघ आकाशगंगेजवळ बहुधा पहिल्यांदाच येत आहेत, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे अनेक फेऱ्यांमध्ये वायू हळूहळू ओरबाडला गेला, हे जुने स्पष्टीकरण कोसळले. स्कॉट लुकिनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे सुचवले, की मोठ्या मेघालाही स्वतःचा उष्ण किरीट असला पाहिजे आणि प्रवाहातला बहुतेक आयनीभूत वायू त्याचाच आहे. २०२२ मध्ये धनेश कृष्णाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने हबल आणि फ्यूजच्या जुन्या निरीक्षणांतून मोठ्या मेघाच्या आजूबाजूच्या २८ क्वेसारांचे वर्णपट निवडले आणि मेघापासून दूर जावे तसतसा उच्च आयनीभूत कार्बन विरळ होत जातो, असे दाखवले. किरीट आहे. मला या संपूर्ण कहाणीत हा टप्पा सर्वांत देखणा वाटतो. प्रवाहातल्या हरवलेल्या वस्तुमानाचा हिशेब लावण्यासाठी गणिताने जे मागितले, ते जुन्या संग्रहातल्या नोंदींतच पडून होते.

आकाशगंगेच्या केंद्राकडचा प्रकार निराळा आहे. २०१० मध्ये मेंग सू, ट्रेसी स्लेटियर आणि डग्लस फिंकबायनर यांनी केंद्राच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षे पसरलेले गॅमा किरणांचे दोन फुगे शोधले. २०१५ मध्ये फॉक्स यांच्या गटाने पीडीएस ४५६ या क्वेसारच्या दिशेने पाहिले, तेव्हा शोषणरेषा सेकंदाला उणे २३५ आणि अधिक २५० किलोमीटर अशा दोन वेगांना सापडल्या: फुग्याची आपल्याकडची भिंत आपल्या दिशेने, पलीकडची भिंत आपल्यापासून दूर. त्यातून केंद्रातून बाहेर पडणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला ९०० किलोमीटर किंवा अधिक निघतो. हा वारा मधल्या कृष्णविवराने सोडला की केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या स्फोटांनी, यावर मतभेद आहेत. बंगळुरूचे कार्तिक सरकार, बिमन नाथ आणि प्रतीक शर्मा यांनी २०१५ मध्ये ताऱ्यांच्या बाजूने सविस्तर गणित मांडले आहे. पण फुग्यांतला प्रत्येक मेघ केंद्रातून आलेला असेल, हे गृहीतकही टिकले नाही. २०२२ मध्ये ट्रिशा ॲशली आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मेघांतील जड मूलद्रव्ये मोजली, तेव्हा ती सूर्याच्या पंचमांशाहूनही कमी ते सूर्याच्या सुमारे तिप्पट इथपर्यंत विखुरलेली निघाली. काही मेघ तबकडीतून उडालेले आहेत, तर काही आधीपासून परिघात तरंगत होते आणि वाऱ्याच्या तडाख्यात सापडले.

१९७६ मध्ये पॉल शपिरो आणि जॉर्ज फील्ड यांनी मांडलेल्या कारंज्याच्या कल्पनेकडेही पाहायला हवे. अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी तापलेला वायू तबकडीतून वर उसळतो, वर थंड होऊन मेघ बनतो आणि खाली कोसळतो. सेकंदाला ४० ते ९० किलोमीटर वेगाचे मध्यमवेगी मेघ तबकडीपासून फार उंच नसतात आणि त्यांतली जड मूलद्रव्ये सूर्याइतकी असतात. त्यांना हे स्पष्टीकरण चपखल बसते. अतिवेगवान मेघांना ते एकट्याने पुरत नाही.

मात्र कारंज्याचा एक दूरचा परिणाम ‘सी’ समूहाच्या कोड्याशी येऊन भिडतो. वर उसळलेला, जड मूलद्रव्यांनी समृद्ध आणि तुलनेने थंड वायू जेव्हा दहा लाख अंशांच्या किरीटातून जातो, तेव्हा दोघांच्या सीमेवर भोवरे उठतात आणि मधल्या तापमानाचा, एक-तीन लाख अंशांचा मिश्रथर तयार होतो. हा थर झपाट्याने ऊर्जा गमावून थंड होतो आणि किरीटातला वायू मेघात थिजू लागतो. फिलिपो फ्रातेर्नाली आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की ‘सी’ समूह हा तबकडीतून निघालेल्या वायूवर किरीटातल्या गरीब वायूची पुटे चढून बनला असू शकतो. त्याच्या रसायनातला दिशेगणिक दिसणारा फरक त्यातून समजतो. किरीट केव्हा आपोआप थिजतो, याचा एक निकषही २०१२ मध्ये प्रतीक शर्मा आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आला: वायू थंड व्हायला लागणारा काळ जर तो मुक्तपणे खाली पडायला लागणाऱ्या काळाच्या दहापटीहून कमी झाला, तर त्यात थंड गुठळ्या पडू लागतात. वर्णपटात दिसणारे तीन इलेक्ट्रॉन गमावलेले कार्बन आणि पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन हे नेमके या मधल्या थरांतले असावेत, असे मानायला चांगला आधार आहे.

उगमाचा प्रश्न इथेच स्वतःच्या मर्यादेला पोहोचतो, असे मला वाटते. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात; संगमाच्या खाली घेतलेल्या ओंजळीतले पाणी कोणत्या नदीचे, हा प्रश्न विचारता येतो, पण त्याचे उत्तर प्रमाणातच द्यावे लागते. अतिवेगवान वायूचेही तसेच. ‘बाहेरचा’ की ‘इथला’ असे एकच लेबल लावण्याचा आग्रह अनेक वर्षे धरला गेला आणि त्यातून मेघागणिक वाद पेटले. मेघात कोणता वायू किती आणि तो कुठल्या टप्प्यावर मिसळला, हे विचारणे अधिक फलदायी ठरले आहे.

आणखी एक घोळ टाळायला हवा. वायू कुठून आला आणि त्याचे आयनीभवन कोणी केले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तबकडीतील उष्ण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश काही प्रमाणात बाहेर गळतो, विश्वातल्या सर्व क्वेसारांचा मिळून एक मंद अतिनील उजेड सगळीकडे असतो, आणि किरीटाशी घर्षण होऊनही इलेक्ट्रॉन उडतात. मॅजेलन प्रवाहाच्या एका भागातून, दक्षिण दीर्घिकीय ध्रुवाजवळ (म्हणजे तबकडीच्या थेट खालच्या दिशेला), येणारा तांबडा प्रकाश मात्र या सर्वांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे. ऑस्ट्रेलियातील जॉस ब्लँड-हॉथॉर्न आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये, आणि पुढे २०१९ मध्ये अधिक पुराव्यांसह, असे मांडले की सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी आपल्या केंद्रातील कृष्णविवर भडकले आणि त्याच्या अतिनील झोताने प्रवाहाचा तो भाग उजळला. उगम उपदीर्घिकेत, आयनीभवन आपल्या केंद्रामुळे. एकाच वायूचे दोन इतिहास.

हिशेबाची वही २०१९ मध्ये फॉक्स आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मांडली. कॉसने टिपलेल्या सक्रिय दीर्घिकाकेंद्रांच्या वर्णपटांतून त्यांनी सुमारे २०० मेघ वेगळे काढले, येणारे आणि जाणारे असे भाग केले, आणि आत येणारा वायू वर्षाला सुमारे अर्धा सूर्य, तर बाहेर जाणारा सुमारे एकषष्ठांश सूर्य असल्याचे सांगितले. मॅजेलन प्रवाह आणि केंद्रावरचे फुगे त्यांनी मुद्दाम वगळले होते. प्रवाह धरला तर चित्र पालटते, आणि ते किती पालटेल हे त्याच्या अंतरावर अवलंबून आहे. वस्तुमान अंतराच्या वर्गानुसार बदलते. नेहमी धरले जाणारे अंतर सुमारे १,८०,००० प्रकाशवर्षे. लुकिनी यांच्या २०२१ च्या गणितात प्रवाहाचा काही भाग अवघ्या ६५,००० प्रकाशवर्षांवर असू शकतो. तसे असेल तर त्या भागाचे वस्तुमान एकसप्तमांशाहूनही कमी भरेल, आणि तो तबकडीवर फार लवकर येऊन पोहोचेल. प्रवाहाच्या अलीकडचे आणि पलीकडचे तारे निवडून, वर सांगितलेल्या चिकाटीच्या रीतीने हे अंतर बांधणे, हेच आताचे काम आहे. ते करू शकणारा अतिनील वर्णपटमापक सध्या हबलवरच आहे, आणि त्याच्या शोधकाची संवेदनशीलता वापरागणिक झिजत असल्यामुळे प्रकाश त्याच्यावर जिथे पाडला जातो ती जागा अधूनमधून सरकवावी लागते.